किल्ली फिरते, इंजिन फिरत नाही!

घरचे यंत्र, घरची विद्या

खंडेनवमीला गाडी धुऊन-पुसून लख्ख होते. दसऱ्याला तिच्या नाकावर झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबे ठेवली जातात. मग वीस दिवस ती इमारतीच्या आवारात आवरणाखाली स्वस्थ उभी असते. आणि दिवाळीत, फराळाचे डबे मांडीवर घेऊन सारी मंडळी आत बसली, गृहस्थांनी मोठ्या ऐटीत किल्ली फिरवली, की आतून एकच उद्गार ऐकू येतो: ‘टक्!’ पुढे शांतता.

अशा वेळी आपल्या उपनगरांत सल्ल्याची वाण नसते. दुसऱ्या मजल्यावरचे जोशी खिडकीतून सांगतात, प्लग काढून पुसा. तळमजल्यावरच्या शहाभाईंच्या मते पेट्रोलमध्ये कचरा आहे. पहारेकरी तोवर बाह्या सरसावून धक्का मारायला उभा असतो. तिघांचाही हेतू चांगला. पण रोग न ओळखता औषध देणारा वैद्य कितीही प्रेमळ असला तरी काय उपयोगाचा?

तेव्हा वाचकहो, यंदा या जुन्या गाडीच्या रुसव्याकडे जरा शास्त्राच्या नजरेने पाहू. बॅटरी, सेल्फ आणि मेकॅनिकची हजेरी यांत हजारो रुपये जातात, आणि पुष्कळदा ते अकारण जातात.

रोग दोन, नाव एक

‘गाडी सुरू होत नाही’ या एकाच वाक्यात आपण दोन निराळे रोग कोंबतो. पहिल्यात इंजिन ‘खुर्र खुर्र’ करीत फिरते, पण पेट घेत नाही. तिथे प्लग, पेट्रोल, कॉइल यांचा विचार करावा. दुसऱ्यात इंजिन फिरतच नाही. तिथे टाकी काठोकाठ भरलेली असो की कोरडी, प्लग नवे असोत की काजळलेले, काडीचा फरक पडत नाही. चूल पेटण्याचा प्रश्न पुढचा; इथे अजून कुणी स्वयंपाकघराचे दारच उघडलेले नाही! आपला आजचा विषय हा दुसरा रोग.

इंजिनाला पहिला फेरा बाहेरून कुणीतरी द्यावा लागतो. एके काळी हे काम माणसाच्या दंडाचे होते. पुढून लोखंडी हँडल घालून ते फिरवायचे, आणि इंजिन उलटे उसळले तर मनगट मोडून घ्यायचे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९११ साली विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. त्यालाच आपले मेकॅनिक ‘सेल्फ’ म्हणतात.

या सेल्फची रचना सोपी आहे. किल्ली फिरवली की बारीक तारेतून थोडी वीज सोलेनॉइड नावाच्या चुंबकी कळीकडे जाते. ती कळ ‘टक्’ आवाज करून आतले दोन जाड तांब्याचे संपर्क जोडते. मग बॅटरीतली खरी वीज जाड केबलमधून सेल्फच्या मोटरीत शिरते, मोटरीच्या टोकाचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि इंजिन फिरू लागते. पुढच्या दिव्यांना मिळून सात-आठ अँपिअर पुरतात. सेल्फला शंभर-दीडशे लागतात. हा फरक ध्यानात ठेवावा. आपले सारे निदान त्यावरच उभे आहे.

कुर्ल्याची लेक

आपल्याकडे ‘जुनी गाडी’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. इटलीच्या फियाट कंपनीची ‘११०० डिलाइट’ तिथे १९६४ साली बनू लागली. पुढे १९७४ मध्ये तिचेच नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. घाटकोपर-मुलुंडच्या किती तरी घरांत पहिली गाडी आली ती याच कारखान्यातून, लालबहादूर शास्त्री मार्गानेच. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली.

खाजगी गाड्या मात्र अजून टिकून आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. टॅक्सी गेल्या, तसे त्यांच्यावर हात बसलेले कारागीरही पांगले. म्हणून निदानाची विद्या आता मालकाने थोडीफार शिकून ठेवणे भाग आहे.

आधी कान, मग पाना

बॉनेट उघडण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, हँडब्रेक ओढावा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगून आपण कान द्यावा. गाडी काय दुखते ते स्वतःच सांगते.

काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत. इथे बॅटरी पार उतरली आहे, किंवा तिचे एखादे टर्मिनल सुटले आहे.

‘टक-टक-टक-टक’ असा सुताराच्या हातोडीसारखा भराभर आवाज. सोलेनॉइड कळ दाबतो, पण जड भार येताच विजेचा दाब कोसळतो आणि कळ सुटते. सुटली की दाब वर येतो आणि कळ पुन्हा दाबली जाते. म्हणजे बॅटरी अशक्त आहे, नाहीतर एखादा सांधा घाण आहे.

एकच ठसठशीत ‘टक्’ आणि शांतता. सोलेनॉइडचे संपर्क जळले असतील, सेल्फचे कार्बन झिजले असतील, पिनियन दात्यांत अडकले असेल, किंवा इंजिनच जाम असेल.

दिवे झगझगीत, पण ‘टक्’देखील नाही. किल्लीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतच्या बारीक तारेत दोष. पुष्कळदा तिची चिमटी निसटलेली असते.

नुसताच ‘घर्रर्र’, आणि इंजिन जागचे हलत नाही. मोटर फिरते आहे, पण पिनियन फ्लायव्हीलला धरत नाही. इथे नवी बॅटरी घालून काही साधणार नाही.

दिव्याची परीक्षा

आता पुढचे मोठे दिवे लावा आणि ते समोरच्या भिंतीवर पडतील असे पाहून किल्ली फिरवा. दिवे आधीच मिणमिणते असतील तर बॅटरी उतरली आहे. आधी चांगले असून किल्ली फिरवताच मालवले, तर तीन संशयित: अशक्त बॅटरी, खराब सांधा, किंवा अडकलेला सेल्फ. दिवे जराही न मंदावता तसेच राहिले, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. तेव्हा स्विच, सोलेनॉइड, कार्बन किंवा सेल्फच्या वाटेवरचे सांधे पाहावेत. एक पैसा खर्च न करता निम्मे निदान झाले!

पण ‘दिवे छान लागतात, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे’ ही सर्वांत घातक समजूत. हिशेब करून पाहा. सांध्यावर कीट चढून तिथे एक ओहमचा पन्नासावा भाग एवढा अडथळा आला असे धरा. दिव्यांच्या साडेसात अँपिअर विजेने त्यात दाब गमावला तो जेमतेम ०.१५ व्होल्ट. दिवा हसत राहील. पण तिथूनच दीडशे अँपिअर जाऊ पाहतील तेव्हा तीन व्होल्ट वाटेतच गळतील! बारा व्होल्टांतले तीन असे गेले आणि भाराखाली बॅटरीचाही दाब उतरला, की सेल्फच्या वाट्याला काय उरणार? अरुंद बोळातून एकटा पाहुणा सहज जातो. वरात आली की तोच बोळ तुंबतो.

विजेची प्रदक्षिणा

बॅटरीच्या धन टोकातून निघालेली वीज सेल्फमधून जाऊन ऋण टोकाशी परत आली पाहिजे. प्रदक्षिणा पुरी झाली नाही तर फळ नाही. जाण्याची वाट सगळे तपासतात. परतीची वाट कोणी पाहत नाही. ती आहे इंजिनाच्या अंगातून गाडीच्या पत्र्यात, आणि पत्र्यातून बॅटरीत. पण इंजिन तर रबराच्या बैठकांवर बसलेले, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी एक तांब्याची विणलेली पट्टी असते. मेकॅनिकच्या भाषेत ‘अर्थिंगची पट्टी’. ती बिचारी खाली, चिखल-पाण्याच्या माऱ्यात. आपल्या खाऱ्या हवेचे आणि चार महिन्यांच्या पावसाचे पहिले भक्ष्य तीच.

मुलुंडच्या आमच्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांची पद्मिनी आहे. वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. ते गेल्यावरही आई दर गुरुवारी तिच्या पुढच्या काचेवर हात फिरवून यायची. गाडी ‘टक्’ करून थांबू लागली, तेव्हा एका मेकॅनिकने नवी बॅटरी घालायला लावली. पंधरा दिवस बरे गेले. पुन्हा ‘टक्’. दुसऱ्याने सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलले. आठ दिवसांत पुन्हा तेच. नोंदणी वाढवण्याची तारीख जवळ आली होती. मुलगा म्हणाला, ‘बाबा, ही आता म्हातारी झाली. भंगारात काढू या.’ आईपुढे विषय काढायचा कसा, एवढेच ठरायचे उरले होते.

शेवटचा प्रयत्न म्हणून एका वृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने बॅटरीकडे पाहिलेही नाही. ‘किल्ली मारा,’ म्हणाला, आणि चोकच्या तारेला बोट लावून चटकन मागे घेतले. तार तापली होती! चोकची तार विजेची नव्हेच. ती नुसती ओढायची. पण परतीची पट्टी तुटत आलेली, म्हणून वीज सापडेल त्या वाटेने परतू पाहत होती. नव्या बॅटरीच्या जोरावर पंधरा दिवस निभावले, एवढेच. खाली वाकून पाहिले तर पट्टीचे बहुतेक धागे हिरवे होऊन तुटलेले. नवी पट्टी बसली, दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा केला, आणि पहिल्याच किल्लीला इंजिन फिरले. बॅटरीच्या तुलनेत पट्टीची किंमत किरकोळ. आई त्या दिवशी मागच्या आसनावर बसून भांडुपपर्यंत जाऊन आली.

व्होल्टमीटर: घरातला थर्मामीटर

घरात थर्मामीटर असतो, तसा गाडी असणाऱ्याने एक साधा मल्टिमीटर ठेवावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवील तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. मग किल्ली फिरवताना वाचावे. दाब साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी अशक्त, किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त वीज खातो आहे. बारापाशीच राहिला तर वीज जातच नाही.

परतीच्या वाटेची परीक्षा अशी. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण शिशाच्या खुंटावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगावी. वाट स्वच्छ असेल तर काटा जेमतेम हलेल. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसले तर पट्टी किंवा तिचे सांधे दोषी. खुंट आणि त्यावरची पकड यांच्यामध्येही असेच मोजता येते. दोन्ही एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण मध्ये पांढरट बुरशीचा थर वैरी होऊन बसलेला असतो.

हा थर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावा. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. मग तारेच्या ब्रशने शिसे चमकवावे, पकड घट्ट करावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. गाडीच्या अंगाशी जोडलेली केबल आधी काढावी आणि शेवटी बसवावी, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. बहुतेक गाड्यांत ही ऋण केबल असते. काही जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोक अंगाशी जोडलेले असते, तेवढे पाहून घ्यावे. हातातली अंगठी, घड्याळ, बांगड्या आधी उतरवाव्यात. आणि बॅटरीजवळ विडी, सिगारेट, काडी नको! भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. फटाके अंगणातच शोभतात.

बॅटरी उतरली, पण का?

बॅटरी भरून आणली म्हणजे रोग गेला असे नव्हे. तो तापाची गोळी देण्याचा प्रकार झाला. जुन्या गाडीत डायनॅमो असतो, आणि डायनॅमो मंद गतीत फारशी वीज करीत नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर पावसात तासभर तुंबून राहावे, दिवे आणि वायपर चालू असावेत, म्हणजे बॅटरीतून जाते जास्त आणि येते कमी. रोज फक्त स्टेशनपर्यंत दहा मिनिटे जाणाऱ्या गाडीचीही तीच गत. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवावी.

इंजिन जरा जोरात चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेबाराच राहिले तर पट्टा सैल आहे, किंवा डायनॅमो अगर कटआउटमध्ये दोष आहे. चार्जिंग ठीक असून रात्रीत बॅटरी उतरत असेल, तर सर्व काही बंद करून ऋण केबल काढावी आणि खुंट व केबल यांच्यामध्ये बारा व्होल्टचा लहान बल्ब धरावा. तो पेटला तर कुणीतरी चोरून वीज पितो आहे; डिकीतला दिवा किंवा हौसेने बसवलेला नवा रेडिओ. एकेक फ्यूज काढत जावे; ज्याला बल्ब विझेल त्या घरात चोर. आणि आपल्या हवेत बॅटरीला आयुष्यच बेताचे; तीन-चार वर्षे झाली असतील तर तिचे वय मान्य करावे.

हात आखडावा अशा जागा

सेल्फच्या अंगावर लाकडी मुठीने हलकेच ठोकले की तो कधीकधी फिरतो. त्याचा अर्थ कार्बन संपत आले आहेत. हे निदान आहे, इलाज नव्हे. त्याच आठवड्यात गॅरेज गाठावे. पिनियन अडकल्याचा संशय असेल तर किल्ली बंद करून, वरच्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक सोडून गाडी मागे-पुढे हलवावी; बहुधा ते सुटते. याच रीतीने ढकलूनही गाडी हटता हटत नसेल, तर इंजिनच जाम आहे असे समजून पुढे कसलीही जबरदस्ती करू नये. पुढून हँडल घालण्याची सोय असलेल्या गाडीत अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल वरच्या दिशेने ओढावे. केटरिंगपूर्व काळातली मनगटे उगाच मोडली नव्हती.

दुसऱ्या गाडीची बॅटरी घेताना लाल केबल धनाला धन जोडावी. काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋणाला आणि दुसरे आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे, बॅटरीपासून दूर. काढताना उलट क्रम. ही रीत ऋण टोक अंगाशी जोडलेल्या गाड्यांची आहे. शेजाऱ्याची नवी गाडी असेल तर तिची पुस्तिका आधी वाचावी.

आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुर्ला-कलिना भागात उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीची किल्ली फिरवण्याचा मोह म्हणजे तिचा घात. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. जोर लावला तर आतला दांडाच वाकतो. आधी बॅटरी सोडवावी, प्लग काढावेत, पाणी निघू द्यावे आणि तेल बदलेपर्यंत धीर धरावा.

शेवटचे दोन शब्द

हे सारे वाचून प्रत्येकाने पाना घेऊन गाडीखाली शिरावे असा आमचा आग्रह नाही. पण मेकॅनिकला ‘गाडी बंद आहे’ असे सांगण्याऐवजी ‘एकच टक् होते, दिवे मंदावत नाहीत, बॅटरी १२.६ दाखवते’ असे सांगून पाहा. त्याच्या बोलण्याचा सूरच बदलेल. प्रामाणिक कारागिराचे श्रम वाचतील, आणि दुसऱ्या जातीच्याला कळेल की इथे बॅटरी खपणार नाही.

काही जुन्या गाड्या खरोखरच निवृत्तीला आलेल्या असतात. त्यांना मानाने निरोप द्यावा. पण तो निर्णय निदानानंतरचा असावा. घरात म्हातारे माणूस असते आणि दारातली गाडी रात्री-अपरात्री दवाखान्यात नेण्याचा आधार असते, तिथे तिच्या एका ‘टक्’चा अर्थ कळणे ही चैनीची गोष्ट नाही. यंदा लक्ष्मीपूजनाच्या आधी पाच मिनिटे काढून बॉनेट उघडा, टर्मिनले पाहा आणि ती खालची पट्टी एकदा हाताने चाचपून घ्या. वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!